सोलमधली संग्रहालयं आणि कलाप्रदर्शनं, डिसेंबर ते फेब्रुवारी: वार, वेळा, तिकिटं, थंडी

हिमकंदील

सोलच्या हिवाळ्यात संग्रहालयं बघावीत, आत ऊब असते आणि गर्दी नसते, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ऊब असते हे खरं. गर्दीचं तितकं खरं नाही, कारण कोरियन शाळांना डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत सुट्ट्या असतात आणि परदेशातून येणारी मोठी प्रदर्शनंही याच काळात लागतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वापाच ते सहाच्या दरम्यान मावळतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही ठिकाणं तासभर लवकर बंद होतात, आणि जानेवारीत पारा उणे दहाच्या खाली जाणं ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून यादी करून एकेक नाव खोडत जाण्यापेक्षा आधी वार ठरवा, मग परिसर, आणि संग्रहालय सगळ्यात शेवटी.

वारांचं गणित असं.

सोमवारी शहरातली बरीच संग्रहालयं बंद असतात: सोल म्युझियम ऑफ आर्ट, लीउम, सोल क्राफ्ट म्युझियम, सोल इतिहास संग्रहालय, युद्धस्मारक, सोल आर्ट्स सेंटरमधलं हानगाराम कलासंग्रहालय. दोक्सुगुंग आणि छांगदोकगुंग हे राजवाडेही बंद. सोमवारी उघडं काय, तर योंगसानमधलं राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक आणि समकालीन कलासंग्रहालयाची (पुढे एमएमसीए) सोल शाखा, राजवाडा संग्रहालय, लोकसंग्रहालय आणि ग्योंगबोकगुंग राजवाडा. ग्योंगबोकगुंगची सुट्टी मंगळवारी असते.

बुधवार आणि शनिवार हे उशिराचे वार. राष्ट्रीय संग्रहालय, राजवाडा संग्रहालय आणि एमएमसीए सोल या दोन दिवशी रात्री ९ पर्यंत उघडी असतात. एमएमसीए सोलमध्ये तर ६ ते ९ प्रवेश फुकट. हिवाळ्यात या तीन तासांचं मोल जास्त, कारण अंधार पडल्यावर बाहेर करण्यासारखं फारसं उरत नाही. दुपारी ऊन असेपर्यंत राजवाडा आणि बाजार, संध्याकाळी संग्रहालय, असा दिवस लावता येतो.

शुक्रवारी क्राफ्ट म्युझियम रात्री ९ पर्यंत. सरकारी 'संस्कृती दिन' बुधवारी असतो (२०२५ पर्यंत महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी), तेव्हा बऱ्याच ठिकाणी प्रवेश मोफत किंवा सवलतीत मिळतो. त्या दिवशी गर्दीही तशीच असते.

१ जानेवारीला राष्ट्रीय संस्थांना सुट्टी. सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष (२०२६ मध्ये १७ फेब्रुवारी) ही तीन दिवसांची सुट्टी. मोठी सरकारी संग्रहालयं फक्त मुख्य दिवशी बंद असतात, पण खाजगी संग्रहालयं, गॅलऱ्या आणि आजूबाजूची खाण्याची दुकानं तिन्ही दिवस बंद असू शकतात. सोल्लालला राजवाडे सहसा मोफत उघडे ठेवतात. त्या आठवड्यातलं वेळापत्रक मात्र प्रत्येक संस्थेच्या साइटवरच बघावं, नकाशाच्या ॲपमधल्या वेळांवर विसंबू नये.

आता परिसर. एका दिवसात एकच परिसर धरा.

१) योंगसान: राष्ट्रीय संग्रहालय. दुपार असेल तर युद्धस्मारक.
२) ग्योंगबोकगुंगभोवती: राजवाडा संग्रहालय, लोकसंग्रहालय, एमएमसीए सोल, सामचोंग-दोंगच्या गॅलऱ्या, आंगुकचं क्राफ्ट म्युझियम. सगळं चालत, पण एका दिवसात सगळं नाही.
३) सिटी हॉल: सोल म्युझियम ऑफ आर्टची सोसोमुन इमारत आणि दोक्सुगुंगमधली एमएमसीएची शाखा. मध्ये पाच मिनिटांची चाल.
४) हान्नाम: लीउम.
५) ग्वाचोन: एमएमसीएची जुनी शाखा. शहराबाहेर, पूर्ण अर्धा दिवस.

बाकी तपशील प्रतिसादांत भरत जाऊ.

---

मोगरा_७

राष्ट्रीय संग्रहालयाबद्दल सविस्तर लिहाल का? आई-बाबा बरोबर असतील, दोघंही सत्तरीतले. बाहेर किती चालावं लागतं?

---

हिमकंदील

जवळजवळ नाहीच. मेट्रोच्या ४ नंबरच्या लाइनने (किंवा ग्योंगुई-जुंगांग लाइनने) इचोन स्टेशनला उतरायचं आणि २ नंबरच्या दाराच्या दिशेने जायचं. तिथून संग्रहालयाच्या आवाराकडे जाणारा भुयारी मार्ग आहे, सरकत्या पट्ट्यांसकट. वर आल्यावर तळ्याच्या कडेने थोडंसं उघड्यावर चालायचं, बस.

त्रास होतो तो एकाच जागी. इमारत ४०४ मीटर लांब आहे आणि तिच्या मधोमध एक प्रचंड उघडं अंगण आहे, त्यातून समोर नामसान टेकडी दिसते. एका बाजूला कायमची दालनं, दुसऱ्या बाजूला विशेष प्रदर्शनाचं दालन. फोटोला जागा सुरेख, पण उत्तरेचा वारा त्या खिंडीतून सरळ आत घुसतो. विशेष प्रदर्शनाची तिकीटखिडकी आणि रांग याच भागात असते. आई-बाबांना आत लॉबीत बसवून एकानेच तिकीट काढायला जावं.

व्हीलचेअर आत मिळते, लिफ्ट सगळीकडे आहेत. कोट-जाकिटं लॉकरमध्ये टाका, लॉकर फुकट आहेत. कोट हातात घेऊन फिरलात तर तासाभरात खांदे दुखतात, आणि अंगात ठेवलात तर घाम येतो व बाहेर पडल्यावर तोच घाम गारठवतो. मोठी सूटकेस मात्र स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवून या.

---

शिसपेन्सिल

आत काय, कुठे, किती वेळ, ते मी लिहिते.

कायमची दालनं फुकट, तीन मजले. सगळं बघायचा हट्ट धरला तर दोन दिवसही पुरणार नाहीत. तीन तासांसाठी माझा क्रम वरून खाली असतो, कारण शाळांच्या सहली आणि कुटुंबं तळमजल्यापासून सुरुवात करतात.

तिसरा मजला: मातीची भांडी आणि शिल्पं. गोर्यो राजवटीतलं (दहावं ते चौदावं शतक) हिरवट-निळ्या चकाकीचं सेलाडॉन आणि नंतरच्या जोसन राजवटीतले पांढरे, गोल 'चंद्रघट' इथे आहेत. चंद्रघट दोन अर्धगोल वेगवेगळे घडवून मधे जोडलेले असतात, त्यामुळे पोटाच्या घेराला किंचित वाकडेपणा येतो. बाजूने, डोळ्याच्या पातळीवर बघितलं की तो जोड कळतो. याच मजल्यावर मध्य आशिया, भारत आणि आग्नेय आशियाची दालनं आहेत. गांधार शिल्पं बघून मग कोरियन बुद्धमूर्तींकडे गेलं तर वस्त्रांच्या चुण्या कशा बदलत गेल्या ते डोळ्यांनीच समजतं. दालनांचा हा क्रम उलटा करू नका.

दुसरा मजला: 'चिंतनाची खोली'. नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडली. ४३९ चौरस मीटरच्या दालनात फक्त दोन मूर्ती, दोन्ही ध्यानस्थ बोधिसत्त्वाच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाच्या, एक सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि दुसरी सातव्याच्या सुरुवातीची. काच नाही, माहितीचे फलक नाहीत. प्रवेशाचा बोळ मुद्दाम काळोखा ठेवलाय, आणि बाहेरच्या पांढऱ्या हिवाळी उजेडातून थेट आत आलं की पहिली दोन मिनिटं धड काही दिसत नाही. थांबा. मूर्तींना मागून प्रदक्षिणा घालता येते. बहुतेक लोक समोरून फोटो काढून निघून जातात, पाठीमागचा भाग जवळजवळ रिकामा असतो. सकाळी उघडल्याउघडल्या नाहीतर बुधवारी रात्री सातनंतर.

याच मजल्यावर नोव्हेंबर २०२४ पासून ओएग्युजांगगाक ग्रंथांचं स्वतंत्र दालन आहे. राजदरबारातल्या समारंभांची ही सचित्र दफ्तरं १८६६ मध्ये फ्रेंच नौदलाने लुटून नेली, २०११ मध्ये २९७ खंड परत आले. पालख्या, घोडे, माणसं एकेक करून रंगवलेली मिरवणुकीची पानं आहेत.

चित्रांच्या दालनात एक गोष्ट ध्यानात ठेवा. कागद आणि रेशमावरची चित्रं प्रकाशाने खराब होतात, म्हणून ती ठरावीक महिन्यांनी आळीपाळीने बदलतात. एखादं विशिष्ट चित्र बघायचं असेल तर ते सध्या भिंतीवर आहे का हे साइटवर तपासूनच जा. शिवाय सॅमसंगचे दिवंगत प्रमुख ली कुन-ही यांच्या संग्रहातल्या निवडक वस्तू नोव्हेंबर २०२५ पासून परदेश दौऱ्यावर आहेत, आधी वॉशिंग्टन, मग शिकागो, नंतर लंडन. तो संग्रह डोळ्यांपुढे ठेवून जाणाऱ्यांची निराशा होऊ शकते.

तळमजला: सिल्ला राज्याचा सोन्याचा मुकुट आणि 'इतिहासाची वाट' या लांब मार्गिकेच्या टोकाला उभा असलेला ग्योंगछोन्सा मंदिराचा दहामजली संगमरवरी स्तूप, १३४८ सालचा, साडेतेरा मीटर उंच. १९०७ मध्ये एका जपानी मंत्र्याने तो सुटा करून जपानला नेला होता, बऱ्याच ओरड्यानंतर १९१८ मध्ये परत आला. खालून फक्त पायथा दिसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून बघा, वरच्या थरांवरची शिल्पं तिथूनच दिसतात.

---

कोकमसरबत

+१, कठड्यावरून बघायचं अनेकांना सुचत नाही.

मुलं असतील तर: त्याच आवारातलं बालसंग्रहालय फुकट असलं तरी वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि शाळेच्या सुट्टीत जागा भराभर संपतात. नाही मिळाली तर तळमजल्यावरचं डिजिटल दालन बघा, भिंतभर पडद्यांवर मिरवणुका आणि गोगुर्यो या प्राचीन राज्याच्या थडग्यांतली भित्तिचित्रं. बसायला जागा आहे, मुलं रमतात, आणि मोठ्यांच्या पायांना विश्रांती.

शेजारचं राष्ट्रीय हांगुल संग्रहालय जुन्या यादीत असेल तर खोडून टाका. विस्ताराच्या कामासाठी ते आधीच बंद होतं, त्यात १ फेब्रुवारी २०२५ ला तिथे आग लागली.

---

उंबरठा

हांगुल लिपीची मूळ पोथी मग कुठे बघायची?

---

शिसपेन्सिल

ती कानसोंग संग्रहाकडे आहे आणि सतत मांडलेली नसते. सोंगबुक-दोंगमधलं कानसोंग कलासंग्रहालय वसंतात आणि शरदात ठरावीक आठवडेच उघडतं. हिवाळ्यात तिथे जाऊन बंद दार बघण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२४ पासून त्यांची दुसरी शाखा देगू शहरात सुरू झाली आहे, वेगवान रेल्वेने सोलहून पावणेदोन-दोन तास. मात्र पोथी तिथेही त्या आठवड्यात मांडलेली आहे का, ते विचारूनच निघा.

---

पितळी_डबा

विशेष प्रदर्शनांच्या तिकिटांबद्दल कुणी लिहील का? ऑनलाइन प्रत्येक साइट कोरियन मोबाइल नंबर मागते.

---

टाचणी

इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा लांबण लावतो.

हिवाळ्यात बाहेरच्या देशांतली मोठी प्रदर्शनं येतात. राष्ट्रीय संग्रहालयातलीच उदाहरणं: २०२२-२३ मध्ये व्हिएन्नाचा हाब्सबुर्ग राजघराण्याचा संग्रह, २०२४-२५ मध्ये तिथल्याच लिओपोल्ड म्युझियममधली क्लिम्ट आणि शीले या चित्रकारांची चित्रं. तिकीट साधारण १५ ते २० हजार वॉन (हजार वॉन म्हणजे साठेक रुपये). प्रवेश वेळेच्या खिडक्यांनुसार, दर अर्ध्या तासाला ठरावीक लोक. शनिवार-रविवारचे सकाळचे स्लॉट आधीच संपतात.

तिकिटाचे तीन मार्ग आहेत.

पहिला, तिकिटं विकणाऱ्या इंटरपार्कची (आता नाव 'नोल') परदेशी ग्राहकांसाठीची वेगळी साइट. ईमेलवर खातं होतं, परदेशी कार्ड चालतं. पण कोरियन साइटवरची सगळी प्रदर्शनं तिथे दिसतातच असं नाही.

दुसरा, संग्रहालयाची स्वतःची साइट. काही ठिकाणी परदेशी नागरिकांना फोनपडताळणीशिवाय आरक्षण करता येतं. इंग्रजी पान आणि कोरियन पान यांच्यावर कधी वेगवेगळे पर्याय असतात, दोन्ही उघडून बघा.

तिसरा, खिडकी. मोठ्या प्रदर्शनांची थोडी तिकिटं बहुधा त्या दिवशी खिडकीवर विकतात. मंगळवार ते शुक्रवार उघडायच्या वेळी गेलात तर बहुतेक मिळतं. सुट्टीतल्या शनिवारी दुपारी तीनला गेलात तर मिळेल ते सहाचं, आणि सहाला प्रदर्शन बंद होत असेल तर तेही नाही.

'अर्ली बर्ड' तिकिटं अर्ध्या किमतीत दिसतात, मोह होतो. ती प्रदर्शन सुरू व्हायच्या महिनाभर आधी विकली जातात आणि बऱ्याचदा सुरुवातीच्या काही आठवड्यांतच वापरावी लागतात. वापराची शेवटची तारीख कोरियनमध्ये बारीक अक्षरात असते, भाषांतर करून वाचा.

हानगारामला (दक्षिणेकडे, ३ नंबर लाइनचं नाम्बू बस टर्मिनल स्टेशन, ५ नंबरचं दार, दहा मिनिटं चाल) लागणारी प्रदर्शनं बहुतेक खाजगी आयोजकांची असतात. एकाच इमारतीत तीन-चार वेगवेगळी प्रदर्शनं, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. नाव मोठ्या चित्रकाराचं असलं तरी मूळ चित्रं किती आणि छापील प्रती किंवा प्रोजेक्टरवरचे खेळ किती, हे तपासा. कोरियन जाहिरातीत 'वोनह्वा' म्हणजे मूळ चित्र हा शब्द ठळक असेल तर बरं. 'मीडिया आर्ट' असेल तर भिंतींवर हलणारी चित्रं असणार. त्यात वाईट काही नाही, पण वीस हजार वॉन मोजताना आधी माहीत असावं.

---

दौलत_पेठ

टाचणी, २०२३-२४ चं राहिलं की. डिसेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ राष्ट्रीय संग्रहालयात दक्षिण भारतातल्या सुरुवातीच्या बौद्ध कलेचं प्रदर्शन होतं, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमबरोबर केलेलं. अमरावती, नागार्जुनकोंडा, फणिगिरीची शिल्पं, म्हणजे सातवाहन आणि इक्ष्वाकूंचा काळ. पैठणच्या राजांच्या काळातला दगड उणे दहामध्ये रांग लावून लोक बघत होते. आपल्याकडे वस्तू आहेत, मांडणी नाही, हे पुन्हा एकदा कळलं.

---

उंबरठा

विषयांतर नको, नाहीतर धागा औंध आणि केळकर संग्रहालयावर जाईल. (जायला हवा खरं तर, वेगळा काढा.)

---

गोधडी

थंडी आणि चालणं यावर.

थरांचे कपडे सगळे सांगतात. संग्रहालयासाठी त्यात फरक हा की आत गरम होतं, म्हणून जाड थर्मल आणि जाड स्वेटर दोन्ही नकोत. पातळ थर्मल, त्यावर साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर जाड लांब जाकीट जे लॉकरमध्ये जाईल. आत थर्मल आणि शर्टवर तीन तास आरामात निघतात. पायांत मात्र कंजुषी नको, लोकरी मोजे आणि खाचांच्या तळव्याचे बूट. संगमरवरी लॉबीत वितळलेल्या बर्फाचं पाणी पसरलेलं असतं, पडण्याचा धोका रस्त्यापेक्षा दारातच जास्त.

हॉटपॅक कुठल्याही सोयीच्या दुकानात हजार वॉनच्या आसपास. हवा लागली की गरम होतो, काही तास टिकतो. उघड्या कातडीवर चिकटवू नका आणि त्यावर बसू नका, फार गरम न लागताही हळूहळू भाजतं. वयस्कर माणसं आणि मधुमेही यांनी तर नक्कीच जपावं.

कॅमेरा: बाहेरच्या थंडीतून उबदार दालनात आलं की भिंगावर दव धरतं. आत शिरण्याआधी बाहेरच झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करायचा, आत अर्धा तास तसाच ठेवायचा. दव पिशवीवर धरतं, भिंगावर नाही. चष्म्याला उपाय नाही, पुसायला कापड ठेवा. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि नकाशा नेमका तेव्हाच लागतो.

फोटो बहुतेक कायमच्या दालनांत चालतात, फ्लॅश आणि ट्रायपॉड नाही. विशेष प्रदर्शनात उसन्या वस्तूंमुळे नियम वेगळे असतात, दारावरचं चिन्ह बघा.

आणि हवा. कोरियात जुनी म्हण आहे की तीन दिवस थंडी, चार दिवस ऊब. हल्ली लोक गमतीने म्हणतात, तीन दिवस थंडी, चार दिवस धूळ. थंडीची लाट ओसरली की वारा पडतो आणि सूक्ष्म धूलिकण साचतात. दम्याचा त्रास असेल तर के-एफ-९४ मास्क ठेवा. कडक थंडीचे आणि धुळीचे दिवस राष्ट्रीय संग्रहालयासाठी राखा. निळं, कोरडं, उणे दोनचं आकाश मिळालं तर राजवाड्याकडे पळा.

---

मोगरा_७

ग्योंगबोकगुंगच्या परिसराचा क्रम कसा लावावा? बुधवारी जायचं ठरतंय.

---

हिमकंदील

बुधवार म्हणजे उत्तमच.

साडेदहा: ३ नंबर लाइन, ग्योंगबोकगुंग स्टेशन, ५ नंबरचं दार. हे दार थेट राजवाडा संग्रहालयाशेजारी उघडतं. आधी राजवाडा बघून घ्या (३ हजार वॉन, हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख नेसून गेलात तर फुकट, पण हिवाळ्यात भाड्याचा हानबोक जाकिटावरून नेसावा लागतो आणि मग तो हानबोक राहत नाही). नोव्हेंबर ते फेब्रुवारी राजवाडा ५ ला बंद, शेवटचा प्रवेश ४ ला. अंगणं मोठी, सावलीतल्या फरशीवर बर्फ तसाच राहतो.

बारा-साडेबारा: राजवाड्याच्या आवारातलंच लोकसंग्रहालय. फुकट. हिवाळ्यात तेही ५ ला बंद होतं. शेती, लग्न, बाळंतपण, मयत, कोरियन माणसाच्या आयुष्याचं आणि वर्षाचं चक्र. घाई असेल तर हेच वगळा.

जेवण सामचोंग-दोंग किंवा आंगुकच्या बाजूला.

अडीच: सामचोंगच्या गॅलऱ्या, कुकजे, ह्युंदे, हाकगोजे. फुकट, दार ढकलून आत जायचं. डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीच्या सुरुवातीला दोन प्रदर्शनांच्या मधे भिंती रिकाम्या असतात, त्यामुळे आधी साइट बघा. बुकछोन या जुन्या घरांच्या वस्तीतल्या गल्ल्यांत जायचं तर याच वेळेत. तिथल्या रहिवासी भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे, नंतर दंड होतो. उताराच्या गल्ल्या बर्फ पडल्यावर घसरड्या असतात, आई-बाबांना नेऊ नका.

साडेचार: राजवाडा संग्रहालय, फुकट. सेजोंग राजाच्या काळातल्या, १४३४ च्या आपोआप वाजणाऱ्या जलघड्याळाची पूर्ण आकाराची प्रतिकृती, १३९५ चा दगडी तारकानकाशा, शेवटच्या सम्राटाच्या मोटारी.

सहा: एमएमसीए सोल, आता फुकट. २०१३ मध्ये उघडलेलं, आधी इथे लष्करी गुप्तचर खात्याचं मुख्यालय होतं. दालनं जमिनीखाली आहेत, वरून इमारत लहान वाटते. साडेआठपर्यंत निवांत बघून होतं.

एवढं सगळं सत्तरीतल्या दोघांसाठी जास्त आहे. त्यांच्यासाठी राजवाडा, जेवण, मग थेट राजवाडा संग्रहालय, एवढंच.

---

टाचणी

थोडा मतभेद. आंगुक स्टेशनसमोरचं क्राफ्ट म्युझियम या क्रमात नाही, आणि माझ्या मते लोकसंग्रहालयापेक्षा ते सरस आहे. २०२१ मध्ये जुन्या मुलींच्या शाळेच्या इमारतीत उघडलं. लाखकाम, शिंपल्याचं जडावकाम, भरतकाम, गाठोडी बांधायची तुकड्यांची कापडं. काम कसं करतात ते पायरीपायरीने मांडलंय: लाकूड, कापड, लाखेचे थर, घासणं, पुन्हा थर. पैठणी किंवा सावंतवाडीचं लाखकाम ज्याने जवळून पाहिलंय तो तिथून लवकर हलणार नाही.

---

हिमकंदील

मान्य. बुधवारी लोकसंग्रहालयाच्या जागी टाका. शुक्रवारी वेगळं केलं तर आणखी छान, उशिरापर्यंत उघडं असतं.

---

जलरंग

लीउमवर: हानगांगजिन स्टेशन, ६ नंबर लाइन, १ नंबरचं दार, पाच-सात मिनिटं चाल, शेवटी किंचित चढ. कायमचा संग्रह फुकट, पण वेळ आरक्षित करावी लागते, आरक्षण दोन आठवडे आधी खुलं होतं. शनिवार-रविवार लगेच भरतो.

तीन इमारती, तीन वास्तुरचनाकार: मारिओ बोत्ता, जाँ नुव्हेल, रेम कूलहास. पारंपरिक कला बोत्ताच्या विटकरी रंगाच्या इमारतीत. लिफ्टने चौथ्या मजल्यावर जायचं आणि गोल पांढऱ्या जिन्याने एकेक मजला उतरायचं: सेलाडॉन, मग बुनछोंग (पांढऱ्या लेपाची करडी भांडी) आणि पांढरी भांडी, मग चित्रं, तळाला बौद्ध कला आणि धातुकाम. राष्ट्रीय संग्रहालयात वस्तू भरपूर, इथे मोजक्या पण निवडक आणि उजेड अप्रतिम. भांड्यांत रस नसेल तर मात्र तासाभरात संपेल. मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं मोठं एकल प्रदर्शन इथे २०१२-१३ च्या हिवाळ्यात झालं होतं.

---

सुतळी

ग्वाचोनला खास व्हिडिओ कलाकार नाम जून पाइकच्या टीव्हींच्या मनोऱ्यासाठी जावं का?

---

जलरंग

जावं, पण वार बघून. १९८८ चं काम, १,००३ टीव्ही, साडेअठरा मीटर उंच. आकडा ३ ऑक्टोबर (१०-०३) या कोरियाच्या स्थापनादिनावरून. जुन्या काचेच्या नळ्या जळत गेल्या म्हणून २०१८ मध्ये बंद करावं लागलं, दुरुस्त करून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं: ७३७ जुने टीव्ही सुधारले, २६६ सपाट पडद्यांचे केले. नळ्या टिकाव्यात म्हणून तो दिवसभर चालवत नाहीत. पुन्हा सुरू केला तेव्हा गुरुवार ते रविवार दुपारी २ ते ४ अशी वेळ ठेवली होती. सध्याची वेळ साइटवर बघा, नाहीतर काळ्या पडद्यांचा मनोरा बघून परत याल.

४ नंबर लाइन, सोल ग्रँड पार्क स्टेशन, ४ नंबरचं दार, तिथून संग्रहालयाची मोफत बस. हिवाळ्यात चालत जाऊ नका, रस्ता तळ्याकाठचा आणि वाऱ्याचा. परतीच्या बसच्या वेळेचा फोटो उतरतानाच काढून ठेवा. बाहेरचं शिल्पउद्यान बर्फात छान दिसतं, पण वीस मिनिटांत बोटं बधिर होतात.

---

सोनचाफा

शाकाहारींचं काय? कॅफेत काही मिळतं का?

---

गोधडी

संग्रहालयांच्या कॅफेत कॉफी, केक, पाव. पोटभर जेवण म्हणून बिबिमबाप (भाज्या घातलेला भात) मागवा आणि "गोगी प्पे जुसेयो" म्हणा, म्हणजे मांस घालू नका. त्याबरोबर येणाऱ्या सूपमध्ये सुक्या माशांचं पाणी असतंच असं धरून चाला, किमचीतही (आंबवलेला कोबी) बहुतेक कोळंबीचं किंवा माशाचं खारं असतं. इन्सादोंग भागात बौद्ध मठांच्या पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं, ग्योंगबोकगुंगच्या दिवसाला जोडून घ्या. सोयीच्या दुकानांत हिवाळ्यात भाजलेली रताळी गरम ठेवलेली असतात, उपासाला चालतील अशी. रस्त्यावर होत्तोक, म्हणजे गूळसाखरेसारख्या सारणाची तव्यावरची जाड पोळी. आतून चटका बसतो, कडेपासून खा.

---

दौलत_पेठ

युद्धस्मारकाबद्दल दोन ओळी: ४ आणि ६ नंबर लाइन, सामगाकजी स्टेशन, १२ नंबरचं दार. फुकट, सोमवारी बंद. कोरियन युद्धात भारताने ६० व्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची वैद्यकीय तुकडी पाठवली होती, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली. संयुक्त राष्ट्रांच्या देशांची जी दालनं आहेत त्यात भारताचाही भाग आहे. बाहेरची विमानं आणि रणगाडे दुपारी ऊन असताना बघा, आतली दालनं नंतर.

---

पितळी_डबा

शेवटचा प्रश्न. मेट्रोचा पास घ्यावा की टी-मनी कार्ड?

---

टाचणी

दिवसातून एकच परिसर करणार असाल तर टी-मनी (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) पुरे. कार्डाने मूळ भाडं १,५५० वॉन, दोन फेऱ्यांचे ३,१००. पर्यटकांसाठीचं क्लायमेट कार्ड (हवा तितका प्रवास करायचा पास) एका दिवसाचं ५ हजार, तीन दिवसांचं १० हजार, पाच दिवसांचं १५ हजार. रोज तीन फेऱ्या झाल्या की तीन दिवसांचं परवडतं, आणि त्यात बसही येते. थंडीत दोन थांब्यांसाठी विचार न करता बस पकडता येणं, हा त्याचा खरा फायदा. टी-मनीत पैसे भरायला रोख नोटा जवळ असू द्या.

चालण्याच्या दिशांसाठी नावेर मॅप किंवा काकाओ मॅप टाका, गूगलचा नकाशा तिथे चालायचा रस्ता नीट दाखवत नाही. नावेरमध्ये नाव इंग्रजीत टाकलं तरी सापडतं. स्टेशनच्या दाराचा नंबर आधीच बघून ठेवा, चुकीच्या दाराने वर आलात तर आठपदरी रस्ता ओलांडायला पुन्हा खाली उतरावं लागतं.